आमेननंतर एक रिंग

ता. ९ जानेवारी

ती. दादास,
ख्रिस्तात सप्रेम सलाम, वि. वि.

वहिनी जाऊन वर्ष झालं. या वर्षात तुझी जी काही पत्रं आली त्यांत हवापाणी आहे, गुलाबाच्या कुंडीवरची कीड आहे, शाळेच्या पुस्तकातल्या कवितांच्या आठवणी तर पोत्याने आहेत. देवाचं नाव मात्र एकदाच आलंय, तेही ‘देव जाणे चष्मा कुठे ठेवला’ या वाक्यात. मी म्हातारी झाले असेन, आंधळी नाही झाले.

तुमच्या पाळकसाहेबांनी मला कळवलंय की तू रविवारी उपासनेला येतोस, मागच्या बाकावर बसतोस, आणि प्रार्थनेला सगळे उभे राहिले की खाली वाकून चप्पल शोधू लागतोस. दर रविवारी कुणाची चप्पल हरवते रे?

सरळच विचारते. घरी प्रार्थना करतोस की सोडलीस? बाबांच्या घरात सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय चहाचं आधण ठेवलं जात नसे. ती सवय विझली की मागोमाग श्रद्धाही विझते. वॉर्डात मी हेच पाहत आले. जो पेशंट कण्हत का होईना पण रोज चार पावलं टाकायचा, तो चालत घरी गेला. जो ‘उद्या बघू’ म्हणायचा, त्याला उचलूनच न्यावं लागलं. तुला उचलून न्यायची वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप.

तर आता ऐक. फोनवर बोलायचं नाही, कारण तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं. बोलणं पत्रातून, फोन नुसता वाजवायचा. उजाडलं की गुडघे टेकून प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हण. आमेन झालं की मला एक रिंग दे. मी उचलणार नाही. माझं आमेन झालं की मी तुला एक देईन. आणि गुडघे टेकूनच हं! अंथरुणात लोळत म्हटलेलीला मी प्रार्थना मानत नाही, ती जांभई.

माया आहे तेवढी पुरेशी आहे, आता थोडी शिस्त पाठव.

तुझी,
चिमणी

---

ता. १७ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तोंडात थर्मामीटर असल्यासारखा ताठ बसून वाचलं. निवृत्त होऊन युगं लोटली, तरी मेट्रनबाईंची राउंड काही संपली नाही. पूर्वी पेशंटांची व्हायची, आता देवाची होते. बिचारा देव! उजाडायच्या आत स्वतःची चादर नीटनेटकी करून, हात मांडीवर ठेवून बसत असेल. चिमणी कुणी नाव ठेवलं तुझं? पंखांचा आवाज ऐकला की डोंगरही अटेन्शनमध्ये उभे राहतात.

पाळकसाहेबांचं मात्र नवल वाटलं. माझ्या चपलेवर त्यांचं एवढं लक्ष आहे, तर त्यांचे डोळे प्रार्थनेत मिटलेले नसतात, हे निदान सिद्ध झालं. परवा ते माझ्या घरी येऊन प्रार्थना करून गेले. त्यात त्यांनी देवाला माझं वय सांगितलं, रक्तदाब सांगितला, चर्चच्या छपराचं काम कुठवर आलंय तेही सांगितलं. देव सर्वज्ञ आहे हे साहेबांना कुणीतरी हळूच कळवायला हवं.

माझं विचारतेस तर मी काल खिडकीत बसलो होतो. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत सरकत हिच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन टेकली. आपल्या तिसरीच्या पुस्तकातली पाखरांची कविता आपोआप ओठांवर आली. म्हणता म्हणता डोळे भरले. ही प्रार्थना नाही तर काय आहे? रोज तेच शब्द, त्याच चालीत, त्याच वेळी. ते तर पोपटही करतो. देव काय हजेरीपट घेऊन बसलाय?

तरी तू लहान आहेस, हट्टी आहेस, आणि तुझ्या हट्टापुढे मोठमोठे सर्जन नांगी टाकायचे. सोमवारपासून रिंग मिळेल.

जिव्हाळा कायम ठेव, थर्मामीटर काढून घे.

तुझा,
दादा

---

ता. ६ फेब्रुवारी

ती. दादास,
ख्रिस्तात सप्रेम सलाम, वि. वि.

पोपट म्हणे! भाषेचा मास्तर म्हणून जन्म घालवलास, त्या वर्गात तू काय केलंस? पोरांना ओळीने उभं करून कविता पाठ करून घेतल्यास. कुणाची एक ओळ गळली की पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या छडीला पोरांनी नाव ठेवलं होतं, ते मी वहिनीकडून ऐकलंय; इथे लिहीत नाही. तेव्हा ती घोकंपट्टी नव्हती, ते संस्कार होते. देवाचे चार शब्द रोज म्हणायचे म्हटलं की लगेच पोपट!

आणि ती पाखरांची कविता तुला आज आठवते ती काही पाखरांच्या कृपेने नाही. आपल्या गुरुजींच्या रुळाच्या कृपेने. रोज सकाळी फळ्यापाशी उभं करून म्हणवून घेतली, तेव्हा तू रडला होतास आणि गुरुजींना मधमाशी चावावी म्हणून देवाकडे मागणं केलं होतंस. ते मागणं मात्र गुडघे टेकून केलंस, मी दाराआडून पाहिलंय. आधी घोकली, मग रुजली, आणि आता तीच तिरिपीच्या उन्हात तुला रडवते. एवढं साधं गणित तुला येऊ नये?

असो. तुझी रिंग रोज येते. अगदी वेळेवर येते. इतकी वेळेवर की मला घोर लागलाय, कारण स्वतःच्या लग्नालाही तू उशिरा पोचला होतास.

इकडे सगळं ठीक. न्हाणीघरात जरा पाय घसरला. विशेष काही नाही. सूनबाई उगाच गवगवा करते.

रोष मनात ठेवू नकोस, ठेवलास तर पत्रात लिही.

तुझी,
चिमणी

---

ता. २ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

माझ्या वक्तशीरपणाची शंका घेतलीस, हे वाचून मन खट्टू झालं. अगं, माणूस बदलतो. सध्या मी ज्या पहाटा पाहतो आहे त्यांचं काय वर्णन करू! पूर्वेला केशराचे हात, दवाने ओथंबलेलं गवत, दूर कुठेतरी एकुलता एक पक्षी. मला पुन्हा तिसरीत गेल्यासारखं वाटतं. गुडघ्यांना सतरंजी टोचते, पण आत्म्याला मऊ वाटतं.

नव्या वर्षापासून वरच्या खोलीत नवा भाडेकरू आलाय. बेकरीत रात्रपाळी करतो आणि दिवस उगवताना पिठाने माखलेला घरी येतो. देवाधर्माच्या वाटेला कधी गेलेला नाही. त्याचा सगळा विश्वास खमिरावर. पण माणूस भला आहे. येताना माझ्यासाठी दोन गरम पाव आणतो आणि पडेल ते काम करतो. टेलिफोन जिन्याखालीच असल्यामुळे जाता-येता त्याच्याशी दोन शब्द होतात.

तुझ्या रिंगबद्दल मात्र तक्रार आहे. पूर्वी तुझी रिंग कशी, वॉर्डाचं दार धाडकन उघडल्यासारखी यायची. हल्ली ती लाजत लाजत येते, पुरती वाजायच्या आत जीव सोडते. प्रार्थनेत जोर कमी पडतोय का? मेट्रनबाईंनी स्वतःचाही चार्ट तपासावा.

पाय कसा आहे ते लिही. ‘विशेष काही नाही’ हे तू पेशंटच्या नातेवाइकांना सांगायचीस, आणि ते लगेच रडायला लागायचे.

स्नेह आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा

---

ता. २७ मार्च

ती. मामांस,
सादर सलाम, वि. वि.

सासूबाईंना न सांगता लिहिते आहे. त्यांच्या चिरंजीवांनाही, म्हणजे तुमच्या भाच्यालाही, ठाऊक नाही. ते कामासाठी परगावी आहेत.

मंगळवारी उजाडता फोन वाजला. तुमची रिंग असणार हे विसरून, यांचाच असेल म्हणून मी झटकन उचलला. पलीकडे कुणीतरी दचकून, भारदस्त आवाजात आमेन म्हणालं. मी कोण म्हणून विचारलं, तर उत्तर आलं की मास्तर झोपलेत, उठवू का, की पाव ठेवून जाऊ. मामा, तुमचा आवाज मी ओळखते. तुम्ही इतके थोडक्यात कधी बोलत नाही.

माणूस सरळ निघाला. त्याने सगळं सांगितलं. जिना चढता चढता तेवढी रिंग देऊन जात जा, असं तुम्ही त्याला पहिल्याच सोमवारी सांगितलंत म्हणे. पण त्याला ते पटेना. प्रार्थना न करता रिंग द्यायची म्हणजे कालचा पाव आजचा म्हणून विकल्यासारखं आहे, असं तो म्हणाला. म्हणून त्याने तुमच्याकडूनच प्रार्थना पाठ करून घेतली, आणि तेव्हापासून रोज टेलिफोनसमोर उभा राहून म्हणतो. मला खरं वाटावं म्हणून सगळी म्हणून दाखवली. मधली एक ओळ नव्हती. विसरला असेल म्हणून पुन्हा म्हणायला लावली, तर पुन्हा त्याच जागी उडी. मास्तरांनी एवढीच शिकवली, म्हणाला.

तुम्हाला नावं ठेवायला लिहीत नाही, कारण आमच्या घरीही तोच प्रकार आहे. सासूबाईंचा पाय ‘जरा’ घसरला नव्हता. गुडघ्याची वाटी सरकली. डॉक्टरांनी गुडघे टेकायचं कायमचं बंद केलं. त्यांनी उशी ठेवून पाहिलं, पलंगाला धरून पाहिलं, एकदा पडल्याही. मग एका सकाळी मला म्हणाल्या, आता गुडघे नाहीत तर प्रार्थना कसली, पण दादाची मोडू नये, रिंग तेवढी तू दे. तेव्हापासून मी देते. मीही नुसती देत नाही. औषधाच्या दुकानात कामाला जायच्या आधी इस्त्री करता करता प्रार्थना म्हणते, मग देते. इस्त्री एका हातात असते, म्हणून रिंग अर्धवट होते. तुमची तक्रार वाचली.

म्हणजे हिशेब असा झाला. तुम्ही दोघं भावंडं आपापल्या गावी तोंडावर पांघरूण ओढून पडता, एकमेकांना धर्मावर लांबलचक पत्रं लिहिता, आणि तुमची वकिली मी आणि एक बेकरीवाला करतो. आमची दोघांची ओळखसुद्धा नव्हती.

आता हसून झालं. खरी गोष्ट अशी की सासूबाई आता अंथरुणातच असतात, दिवसभर भिंतीकडे तोंड करून. पवित्र शास्त्र उशाला आहे, त्यावर चष्मा आहे. चष्मा उचलतात, शास्त्र उचलत नाहीत. जेवताना मी देवाचे आभार मानले तर दुसरीकडे बघतात. मला भीती वाटते. त्या फक्त तुमचं ऐकतात, म्हणजे तुमच्याशी भांडतात. काहीतरी करा.

आपली कृपा असावी, आणि झालं तर लवकर असावी.

आपली,
सून

---

ता. ४ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

चोर मुद्देमालासह सापडला. आता तो कविता म्हणून सुटू पाहील, पण तू दुकानात डॉक्टरांच्या खोट्या चिठ्ठ्या ओळखणारी बाई, तुझ्यापुढे डाळ शिजणार नाही.

बेकरीवाल्याने मला काय जेरीस आणलंय ते तुला ठाऊक नाही. मी सांगितलं होतं एक बोट फिरवायला. त्याने पूर्ण धर्मशास्त्र काढलं. रोज संध्याकाळी कामावर जाताना दारात एक प्रश्न. आपण पाव करतो आणि प्रार्थनेत भाकर मागायची, हे चालतं का? मी म्हटलं देव एवढं बघत नाही. तो म्हणाला, इन्स्पेक्टर बघतो. मग एकदा क्षमेच्या ओळीवर, जशी आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर म्हणतात तिथे, अडला. त्याच्या जोडीदाराने एकदा अख्खा घाणा करपवला आणि नाव याचं सांगितलं. त्याला क्षमा केल्याशिवाय पुढची ओळ म्हणता येते का, हा प्रश्न. मी म्हटलं म्हणून टाक. तो तीन दिवस रिंग द्यायला तयार नव्हता; गेल्या महिन्यात तुमच्याकडे तीन दिवस फोन वाजला नाही तो याचमुळे. शेवटी जोडीदाराला चहा पाजून आला आणि मग म्हणाला. गेली चाळीस वर्षं आमच्या चर्चमध्ये समोरासमोरच्या बाकांवर बसून एकमेकांशी न बोलणारी दोन घराणी ती ओळ तालासुरात म्हणतात, त्यांना हा प्रश्न कधी पडला नाही.

ओळ गळली म्हणतेस. असेल. म्हातारपण, दुसरं काय.

आता हे पुढचं तुझ्या सासूला मोठ्याने वाचून दाखव. मधे बोलू देऊ नकोस.

मेट्रनबाई, तुम्ही आयुष्यभर ज्यांची सेवा केलीत ते सगळे अंथरुणात होते. त्यांच्यातला एकही गुडघ्यावर नव्हता. कुणाचा पाय टांगलेला, कुणाचं पोट शिवलेलं. त्यांचा हात हातात घेऊन तुम्ही त्यांना प्रार्थना म्हणायला लावत होता. ज्यांना शब्द फुटत नव्हते त्यांना नुसते ओठ हलवा म्हणत होता. त्या सगळ्या जांभया होत्या का? की लोळून केलेली प्रार्थना देव दुसऱ्यांचीच ऐकतो, आणि तुमच्यासाठी त्याने वेगळा नियम छापून घेतलाय?

हे ऐकून ती काहीतरी फेकेल. फेकण्याजोगं जड काही जवळ ठेवू नकोस.

तुझ्या इस्त्रीला आणि अर्ध्या रिंगला माझा सलाम.

तुझा,
मामा

---

ता. १३ एप्रिल

ती. दादास,
ख्रिस्तात सप्रेम सलाम, वि. वि.

उशी फेकली. सूनबाईला लागली नाही, औषधाच्या बाटलीला लागली. त्याचा खर्च तुझ्या नावावर.

मग दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मला पेशंटांची उदाहरणं देतोस? ते आजारी होते, मी काय आजारी आहे? असं मोठ्याने म्हणाले, आणि पलंगाच्या कठड्याला टांगलेली लघवीची पिशवी दिसली. तिच्यावर चादर ओढून घेतली.

लाज वाटते रे. सगळ्या जगाला उभं-आडवं करत आले, आणि स्वतः आडवी पडल्यावर देवाला तोंड दाखववेना. तो मला ‘लोळतेस काय?’ असंच म्हणेल असं वाटायचं. माझ्या आवाजात म्हणेल.

पण तू सुटलास असं समजू नकोस. सूनबाईच्या हातून अख्खं पत्र काढून घेऊन वाचलं, आणि बाकीचं तिच्याकडून वदवून घेतलं. म्हणे ओळ गळली, म्हणे म्हातारपण! तुला सहावीतल्या कवितांचे तळटीपांसकट चरण पाठ आहेत. पाठ गळत नाही, दादा, माणूस गाळतो. वर्गात पोराने अशी उडी मारली असती तर तू त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं असतंस, आणि इथे त्या बिचाऱ्या बेकरीवाल्याला गाळीव प्रत शिकवलीस.

कोणती ओळ ते मला सूनबाईने सांगायची गरज नव्हती. वहिनीच्या कबरीपाशी सगळे प्रार्थना म्हणत होते, मी तुझ्या शेजारी उभी होते. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, ही ओळ आली आणि तुझे ओठ मिटले. पुढच्या ओळीला उघडले. मला वाटलं हुंदका आवरतोयस. आता कळतं, तू तिथेच थांबलायस. तिच्या दुखण्यात तू इतकं मागितलंस, आणि त्याची इच्छा वेगळी निघाली. मग चपला शोधणं, खिडकीतली तिरीप, पोपट, सगळं त्या एका ओळीला वळसा घालायला.

सौदा करू. मी लोळून प्रार्थना करीन. जांभई तर जांभई. तू ती ओळ म्हण. पटली म्हणून म्हणू नकोस. पाखरांची कविता गुरुजींनी म्हणवून घेतली तेव्हा तुला कुठे पटली होती? अर्थ मागाहून येतो, आधी जीभ वळवावी लागते. नाहीच आला तर देवाशी कडकडून भांड. पण भांडायला तरी समोर बस, जिन्याखाली दुसऱ्याला पाठवू नकोस.

उत्तराची वाट बघत नाही. रिंगची बघते.

तुझी,
चिमणी

---

ता. २२ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते घडी करून फुलदाणीखाली ठेवलं आणि कुंडीतली कीड काढत बसलो. दुसऱ्या दिवशीही कीडच काढली. तिसऱ्या दिवशी कीड संपली. तुझ्याविरुद्ध माणसाला पुरेशी कीडसुद्धा मिळत नाही.

आज पहाटे उठून जिन्याखाली जाऊन बसलो. केशराचे हात वगैरे काही नव्हतं. अंधुक उजेड होता, नळ गळत होता आणि दूधवाल्याच्या सायकलची चेन करकरत होती. मागच्या पत्रातली पहाट माझ्या डोक्यातली होती, ती परत घेतो.

बेकरीवाला आला, मला पाहून दचकला. म्हटलं, तुझ्या प्रार्थनेत एक ओळ राहिली आहे, ती आज घे. त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. म्हणाला, वाटतच होतं. मालकाचं नाव घेतल्या घेतल्या एकदम खायलाच कसं मागतात ही माणसं, मधे काहीतरी बोलणं होत असेल.

मग ती ओळ सांगणं आलं. चिमणे, वर्गात मी हजार ओळी सांगितल्या, कधी अडखळलो नाही. आज दोनदा खोकलो, एकदा पाणी प्यालो. हिच्या शेवटच्या दिवसांतली ती खोली, खिडकीवरचा पडदा, तू आणलेलं ते पेजेचं भांडं, सगळं त्या एवढ्याशा ओळीत बसलेलं. शेवटी म्हटली. वाईट म्हटली. आपल्या गुरुजींनी शून्य दिलं असतं. मला ती अजून पटलेली नाही, हे तुझ्या देवाला, बरं, आपल्या देवाला, मी तिथेच स्पष्ट सांगितलं. भांडण लांबलं, चहा निवला.

बेकरीवाल्याने ओळ दोनदा घोळवली आणि म्हणाला की ही भट्टीत हात घालण्यासारखी आहे. ज्या दिवशी पीठ फुगत नाही, जोडीदार येत नाही, अशा दिवशी ही तेवढी सोडून बाकीची म्हटली तर चालेल का, म्हणून विचारलं. मी मास्तर. जन्माची सवय. नाही म्हटलं. एकही ओळ सोडायची नाही, सोडलीस तर पुन्हा पहिल्यापासून. बोलून गेलो, आणि माझाच शब्द जिन्याखाली घुमून माझ्याच कानात आला. तो वर झोपायला गेला. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

मग तुला रिंग दिली. माझी मीच. अंधुक उजेडात आकडा चुकला आणि पहिल्यांदा कुणा भल्या गृहस्थाची झोप मोडली. त्यांनी मला जे शब्द ऐकवले ते कोणत्याही प्रार्थनेत नाहीत.

थोड्या वेळाने तुमच्याकडून आली. एक नाही, दोन आल्या. पहिली लाजरी, अर्धवट, हातात इस्त्री असलेली. ती सूनबाईची. दुसरी उशिराने आली, आणि ठरलेली एक रिंग संपली तरी हट्टाने वाजतच राहिली, वॉर्डातले सगळे उठेपर्यंत. आडव्या पडलेल्या माणसाने दिलेली वाटली नाही ती.

लोभ आहेच. उद्याही वाजव.

तुझा,
दादा